भाऊसाहेब आणि जावईबापू

त्या शनिवारी जेवताना बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला, मिशा पुसल्या आणि जाहीर केलं, “आज जावईबापूंची खैर नाही.”

“आधी तोंडातलं गिळा,” आई म्हणाली.

जावईबापू म्हणजे माझा नवरा नव्हे. मला नवरा नाही. जावईबापू म्हणजे नॉस्टॉक नावाचा सायनोबॅक्टेरिया. लोकांच्या भाषेत निळंहिरवं शेवाळ, बाबांच्या भाषेत ‘कुणीतरी शिंकरून टाकलेलं’. मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे असल्या सूक्ष्म जीवांचे वाण जिवंत ठेवतात, काचेच्या नळ्यांत, दिव्यांखाली, ओळीनं. तारेच्या टोकावर एका नळीतला कणभर ऐवज उचलायचा, दुसऱ्या नळीत ठेवायचा, बूच लावायचं, चिठ्ठी डकवायची. मग काही दिवसांनी पुन्हा तेच. एकदा एका मावशीनं भरल्या घरात विचारलं, “हिचं कुठे जमलं की नाही अजून?” तेव्हा बाबा अतिशय गंभीरपणे म्हणाले, “जमलंय की. मुलगा हिरवा आहे. शांत आहे. पाण्यावर राहतो, उलट बोलत नाही.” मावशीनं लगेच विषय बदलला. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

भाऊसाहेबांचंही तसंच. मी एकुलती एक. पण बाबा प्राणिसंग्रहालयात माकडांची देखभाल करायचे, आणि जन्मदात्रीनं टाकून दिलेलं कॅपुचिन जातीच्या माकडाचं एक पिल्लू त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखे केस, आणि चेहऱ्यावर आत्ताच कुणीतरी अपमान केल्याचा भाव. बाबा संध्याकाळी घरी येऊन सांगायचे, “तुझा धाकटा भाऊ आज बसायला लागला.” “तुझ्या भावाला दात आला.” मी तेव्हा कॉलेजात होते. त्या वयात शेपूटवाल्या भावाचा मत्सर करणं सोपं नसतं, पण मी तो केला. पुढे तो टोळीचा म्होरक्या झाला, मग म्हातारा झाला, आणि भाऊचा भाऊसाहेब झाला.

आमचा शनिवारचा खेळ असा: भाऊसाहेब थोर की जावईबापू? एकानं मुद्दा टाकायचा, दुसऱ्यानं तो खोडायचा. खोडता नाही आला तर ‘मान्य’ म्हणायचं, आणि जो ‘मान्य’ म्हणेल त्यानं सगळ्यांची भांडी घासायची. इतक्या वर्षांत हा शब्द आमच्या दोघांपैकी कुणाच्याही तोंडून बाहेर पडला नव्हता.

“हरत कुणी नाही,” आई म्हणायची, “आणि भांडी घासते मी.”

तर त्या शनिवारी बाबांनी सुरुवात केली. “भाऊसाहेब दगडानं कवच फोडून आतला गर खातात. जावईबापू काय फोडतात?”

“त्यांना फोडायची गरजच नाही. ते उन्हात बसून स्वतःचं अन्न स्वतः करतात. स्वयंपाक येणारा पुरुष आहे तो.”

आईनं मान वर केली. “हा मुद्दा चांगला आहे.”

“तू पंच आहेस. पंचानं बोलायचं नसतं,” बाबा म्हणाले.

“आणि बाबा, भाऊसाहेब चारचौघांत स्वतःच्या हातावर मुततात आणि ते हातापायांना चोळतात. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.”

“हात धुतो तो.”

“कशानं?”

“जे हाताशी असेल त्यानं,” बाबा शांतपणे म्हणाले. “तुझ्या जावईबापूंना हातच नाहीत, त्यामुळे स्वच्छतेचा प्रश्न येत नाही.”

“माझ्या सासरच्यांबद्दल जपून बोला. या पृथ्वीवर ऑक्सिजन पहिल्यांदा त्यांच्या घराण्यानं केला. तुम्ही आत्ता जो श्वास घेऊन त्यांना नावं ठेवताय ना, तोसुद्धा त्यांच्याच कृपेनं.”

“आजोबा-पणजोबांच्या पुण्याईवर किती दिवस मिरवायचं? स्वतः काय करतो ते बोल.”

मग मी माझा हुकमी मुद्दा काढला. नॉस्टॉकच्या पेशी मण्यांच्या माळेसारख्या एकमेकींना चिकटून राहतात. मधूनच एखादी पेशी स्वतःची वाढ सोडून देते, कवच जाड करून बसते आणि शेजारणींसाठी हवेतला नायट्रोजन पकडून देत राहते. तिचं पुढे काही होत नाही, पण माळ जगते.

बाबांनी आईकडे पाहिलं. “म्हणजे तुझी आई,” ते म्हणाले.

“मला यात ओढू नका,” आई म्हणाली, पण तिला ते आवडलं होतं. ती शिवणकाम करते. आमच्या दोघांचे उसवलेले खिसे आणि तुटलेली बटणं तिच्याकडे कायम रांगेत असतात.

“आणि कोरडा पडला,” मी पुढे रेटलं, “तर काळा पापुद्रा होऊन वर्षानुवर्षं पडून राहतो. माणसं म्हणतात मेला. चमचाभर पाणी घाला, उठून बसतो. भाऊसाहेबांना जमेल?”

हा मुद्दा बाबांना चांगलाच ठाऊक होता, कारण मी त्यांच्या वाढदिवसाला असाच एक पापुद्रा भेट दिला होता. “दुसऱ्यांना मुली स्वेटर देतात,” असं कुरकुरत ते तो कामावर घेऊन गेले होते. तिथे चहाच्या बशीत, खिडकीत ठेवला होता म्हणे. त्याचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नव्हतं.

बाबांनी ताट पुढे सरकवलं. खुर्चीत मागे रेलले. हातात पत्ता लपवलेल्या माणसासारखे हसले.

“बरं. एकच विचारतो. जावईबापूंना कुणाची आठवण येते का?”

“म्हणजे?”

“म्हणजे उद्या तू कामावर गेली नाहीस. परवा नाही, तेरवा नाही. कोण कुठे गेलं म्हणून ते बघतात का दाराकडे?”

मला उत्तरं सुचली, दोन-तीन, पण सगळी पाठ्यपुस्तकातली होती. आई भांडी गोळा करता करता थांबली.

“याचं उत्तर पुढच्या शनिवारी,” मी म्हटलं.

“पळाली!”

“पळाले नाही. अभ्यास करून येते.”

“ये, ये. मी कुठे जातोय?” बाबा म्हणाले, आणि आईच्या हातातला पेला ओढून घेऊन उरलेलं पाणी पिऊन टाकलं. ती भांडी घासायला गेली. ते दारातल्या स्टुलावर बसून बुटाला लागलेलं वाळकं काहीतरी चमच्यानं खरवडत बसले, आणि आई आतून ओरडली की तो चमचा जेवणाचा आहे.

सोमवारी सकाळी ते कामावर गमबूट चढवत असताना गेले. एका पायात बूट होता, दुसऱ्यात मोजा. डॉक्टर म्हणाले, काही कळलंसुद्धा नसेल त्यांना. मला ते वाक्य आवडलं नाही. बाबांना सगळं कळायला आवडायचं.

नंतरच्या दिवसांत माणसं येत राहिली, खुर्च्या पुरेनात, लोक पलंगावर बसून बाबांचे किस्से सांगायचे आणि सांगता सांगता हसायला लागायचे, आणि मग आम्हाला बघून तोंडं सरळ करायचे. मला वाटायचं, हसू द्या की. मी चहा देत राहिले.

मग एका शनिवारी सकाळी प्राणिसंग्रहालयातल्या पशुवैद्य बाईंचा फोन आला. बाबा त्यांना ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायचे आणि त्या त्यांना ‘काका’.

“ताई, रागावू नका,” त्या म्हणाल्या. “पण तुमचा भाऊ जेवत नाहीये.”

मला क्षणभर खरंच कळलं नाही.

“भाऊसाहेब. काका गेल्यापासून वाडगा उचलतो आणि आमच्या अंगावर फेकतो. अंडं फेकतो, रताळं फेकतो. रक्त तपासलं, दात तपासले, सगळं ठीक. वजन मात्र उतरतंय. म्हातारा आहे, फार दिवस निभावणार नाही.”

“मी काय करणार? मी शेवाळवाली.”

“म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “या तर खरं.”

मी फोन ठेवला आणि आईकडे पाहिलं. ती बाबांच्या शर्टाला बटण लावत होती.

“जा,” ती दोरा तोडत म्हणाली. “भाऊ तिकडे उपाशी, आणि बहीण इथे भिंतीकडे बघत बसलीय.”

माकडघराच्या मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे. एक ओटा, त्यावर सुरी, फळी आणि वजनकाटा, कोपऱ्यात पाण्याची नळी वेटोळं करून ठेवलेली, आणि सगळीकडे जंतुनाशकाचा आणि उकडलेल्या अंड्यांचा वास. हाच वास माझ्या लहानपणी रोज संध्याकाळी घरात शिरायचा, मागून बाबा. खोलीच्या एका बाजूला जाळी. जाळीसमोर एक निळं प्लास्टिकचं स्टूल.

“तिथे बसून ते याला भरवायचे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आम्ही सगळं करून पाहिलं. एकानं काकांची टोपी घालून बघितली. भाऊसाहेबांनी ती जाळीतून ओढून घेतली आणि तिच्यात...”

“हात धुतले,” मी म्हटलं.

“अगदी मन लावून.”

भाऊसाहेब फळीवर पाठ करून बसले होते. पाठ हाडकुळी दिसत होती. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, नातेवाइकाला ओळख न देण्याचा निर्णय घेतला आणि मान परत वळवली.

“खरं सांगू का,” डॉक्टरीणबाई ओट्याला टेकल्या. “काका याला नुसतं भरवत नसत, याच्याशी भांडत. वाद घालत. ‘ऐक, माझ्या मुलीचा मुद्दा ऐक,’ अशी सुरुवात. मग तुमच्या त्या शेवाळाची बाजू. ऑक्सिजन काय, नायट्रोजन काय! ‘तुला येतं का रे स्वतःचं अन्न करता? ऐतखाऊ!’ मग भाऊसाहेब असे चिडायचे की काकांच्या हातातला घास ओढून घ्यायचे. असंच जेवायचे ते. एक मुद्दा, एक घास.”

“बाबा? शेवाळाच्या बाजूनं?”

“कायम. आम्हाला सगळ्यांना पाठ झालंय ते. मला तर परीक्षेला बसवलं तरी पास होईन.”

घरी भाऊसाहेबांचे वकील, इथे जावईबापूंचे. इतकी वर्षं हा माणूस माझे मुद्दे दुपारी वापरत होता आणि शनिवारी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं दाखवत होता. मला थोडं हसू आलं आणि थोडं दुसरं काहीतरी, पण तिथे उभं राहून त्यातलं नेमकं काय ते ठरवण्यात अर्थ नव्हता. वाडग्यात अर्धं अंडं होतं आणि जाळीपलीकडे एक उपाशी म्हातारा होता.

मी स्टुलावर बसले नाही. बादली उपडी घातली, तिच्यावर बसले. अंड्याचा तुकडा पुढे धरला.

“सायनोबॅक्टेरिया प्रकाशाच्या साहाय्यानं अन्ननिर्मिती करतात,” मी म्हटलं.

भाऊसाहेबांनी कान खाजवला.

“त्यांच्या काही जाती हवेतील नायट्रोजन स्थिर करतात.”

त्यांनी जांभई दिली. दात खरोखरच चांगले होते.

“ताई,” डॉक्टरीणबाई मागून हळूच म्हणाल्या, “परिसंवादात बोलताय का?”

“मग कसं बोलू?”

“काकांसारखं. अपमान करा त्याचा.”

अपमान करणं मला जमत नाही. मी लेखी करते, आणि तोही तळटीपेत. तरी घसा साफ केला. “अरे माकडा,” मी म्हटलं, आणि गप्प झाले, कारण हे विशेषण नव्हतं, वस्तुस्थिती होती.

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात धरला. हसत होत्या.

तेवढ्यात मला खिडकीत ती बशी दिसली. कडेचा टवका उडालेली, आमच्याच घरातली. आई वर्षभर शोधत होती ती. बशीच्या तळाशी काळा, सुरकुतलेला पापुद्रा चिकटला होता, जळक्या कागदासारखा. शेजारी एक चमचा. तोही आमचाच.

“काका रोज त्यात चमचाभर पाणी घालायचे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता कुणाला सुचलंच नाही. मेलं का हो ते?”

“नाही,” मी म्हटलं. “ते मरत नाही. तीच तर त्याची खासियत.”

बशी आणली, मांडीवर घेतली, चमच्यानं पाणी घातलं. पापुद्रा आधी काही ऐकायला तयार नव्हता. मग कडा मऊ झाल्या, वर उचलल्या गेल्या. हळूहळू काळ्याचं गडद हिरवं झालं आणि ते फुगत गेलं, ओलं, चकचकीत, लिबलिबीत, बाबा म्हणायचे अगदी तसं. भाऊसाहेब फळीवरून उतरले. जाळीजवळ येऊन बसले. बशीकडे बघत होते.

माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे.

“बघितलंस?” मी म्हटलं. “बघ, डोळे फाडून बघ! याला जावई म्हणतात. इतके दिवस पाणी नाही, अन्न नाही, कुणी विचारपूस केली नाही. तुझ्यासारखे वाडगे फेकले का त्यानं? लोकांच्या टोप्या घाण केल्या का? गुपचूप पडून राहिला. आणि तू! एवढा दांडगा, एवढी मोठी शेपूट, दगडानं कवच फोडणारा, आणि अंडं सोलून दिलं तरी खाता येत नाही! ऐतखाऊ! बाबांनी तुला बाटलीनं दूध पाजलं, मला नाही पाजलं एवढं! मी कॉलेजातून घरी यायचे आणि बाबा तुझ्या दातांबद्दल बोलायचे! आणि याचं खानदान माहितेय का तुला? तू घेतोस तो श्वास आमचा आहे!”

भाऊसाहेबांनी दात विचकले. जाळीतून हात बाहेर आला, आणि मला वाटलं अंडं घेणार, म्हणून मी अंडं पुढे केलं. त्यांनी अंड्याला बगल दिली आणि बशीतले जावईबापू मूठभरून उचलले.

“अहो!” डॉक्टरीणबाई पुढे धावल्या. “विषारी आहे का ते?”

“नाही. तपासलेला वाण आहे. फार तर पोट बिघडेल.”

भाऊसाहेबांनी जावईबापूंचा वास घेतला. कणभर चाखले. तोंड असं केलं की खुद्द बाबांनीही इतक्या वर्षांत जावईबापूंचा एवढा अपमान केला नव्हता. थुंकले. मग उरलेला सगळा गोळा दोन्ही हातांत घेऊन त्यांनी तो अंगाला फासायला सुरुवात केली. डोकं, छाती, काखा, मान, शेपटीचं टोक, काही सोडलं नाही. डोळे अर्धवट मिटले होते.

“फासतात ते असं अंगाला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वासाचं काही मिळालं की. काकांनी बशी या जाळीपासून लांब ठेवली होती ती याचसाठी.”

“म्हणजे आमच्या घराण्याचा साबण झाला.”

“नळीत अजून आहेत ना तुमच्याकडे?”

“चिकार आहेत,” मी म्हटलं. हिरव्या चिकट टोपीखालून भाऊसाहेब माझ्याकडे पाहत होते आणि मी हसत होते. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच, आवाज करून. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

आणि मग त्यांनी माझ्या हातातलं अंडं ओढून घेतलं. रागानंच. अर्धं एका घासात गट्ट केलं, दाढेनं चावत, डोळे माझ्यावर रोखून. डॉक्टरीणबाईंनी माझा खांदा दाबला आणि त्या वजनाची वही की काय ती आणायला बाहेर गेल्या.

मी मनातल्या मनात बाबांना उत्तर देत होते. हे बघा, शनिवार आला. नाही येत आठवण जावईबापूंना. दाराकडे बघत नाहीत, हे खरं. पण जेवण टाकून मरायलाही बसत नाहीत. चमचाभर पाणी मिळालं की पुन्हा जगायला लागतात, आणि कोण गेलं, कोण आलं, काही विचारत नाहीत. आठवण येणं हा तोटा आहे, बाबा, गुण नव्हे. खोडा आता हा मुद्दा.

चांगला मुद्दा होता. बरेच दिवस घासूनपुसून तयार केलेला.

भाऊसाहेबांचं चावणं थांबलं. त्यांच्या हातात अंड्याचा दुसरा अर्धा तुकडा होता, शेवाळानं माखलेला. त्यांनी तो तोंडाशी नेला, पण खाल्ला नाही. जाळीतून हात बाहेर काढला. मला वाटलं, माझ्याकडे. मी हात पुढे केला. त्यांनी माझा हात बाजूला सारला, हलकेच, आणि तुकडा निळ्या स्टुलाकडे धरला.

रिकाम्या स्टुलाकडे. हात पूर्ण ताणून. आणि दाराकडे पाहिलं.

मी थांबले. तेही थांबले. बाहेर कुणाच्या तरी गमबुटांचा आवाज आला. भाऊसाहेबांचे कान ताठ झाले. आवाज पुढे निघून गेला. त्यांचा हात तसाच होता, म्हातारा हात. मनगटावर जावईबापू वाळायला लागले होते.

मी माझं उत्तर एकदा पुन्हा मनात म्हणून पाहिलं. वाक्यं सगळी जागेवर होती.

मग मी उठले. त्यांच्या बोटांतून तो तुकडा काढून घेतला आणि स्टुलावर ठेवला, बाबांच्या जागी. फेकलेला वाडगा उचलला, बशी उचलली, चमचा उचलला आणि नळाशी गेले.

“मान्य, बाबा,” मी म्हटलं. मोठ्यानं. “भांडी मी घासते.”